बारावीचं वर्ष, कापसाच्या हंगामासकट

जूनच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. बारावीला हातात येतात ते एवढेच महिने, आणि खान्देशातल्या शेतकऱ्याच्या घरी त्यातलेही बरेच शेत घेऊन जातं. श्रावणात निंदणी, पोळा झाला की फवारणी, दसऱ्यापासून कापूस. दिवाळीच्या सुट्टीत शहरातली मुलं उजळणी करत असतात तेव्हा आमच्याकडे उजाडल्यापासून वेचणी चालते. मजूर मिळत नाहीत आणि फुटलेला कापूस कोणासाठी थांबत नाही. वेचणी संपेपर्यंत प्रॅक्टिकल दारात येऊन उभी असते.

यंदा बारावीला बसणाऱ्या, त्यातही खेड्यातून तालुक्याला जाऊन शिकणाऱ्या पोरापोरींना मला माझं वर्ष सविस्तर सांगायचं आहे. सल्ले तुम्हाला पुष्कळ मिळतील. ‘पहाटे पाच ते आठ गणित, आठ ते दहा फिजिक्स’ अशी वेळापत्रकंही मिळतील. ज्या घरात ती पाळता येतात तिथं ती चांगलीच आहेत. आमच्या घरात ती पाळता येण्यासारखी नव्हती, तरी अभ्यास झाला, आणि नीट झाला. कसा झाला ते लिहिते.

मी अमळनेर तालुक्यातल्या तापीकाठच्या गावची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे अमळनेरला सायन्स, एसटीने रोज जाऊन-येऊन. (मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. काढला नसेल तर जूनमध्येच कॉलेजच्या ऑफिसात विचारा.) विषय होते इंग्रजी, मराठी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजी. आता मी बी. फार्मसीला आहे.

मराठी माध्यमातून आलेल्यांची पहिली अडचण पुस्तकाच्या भाषेची. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि सायन्सचं पुस्तक इंग्रजीत. अकरावी ही भाषा ओळखीची होण्यातच जाते आणि बारावीला पुन्हा नवे शब्द येतात. माझ्या आत्येबहिणीने मला एक रीत सांगितली होती, ती मी वर्षभर सोडली नाही. पुस्तकाचा एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, मग पुस्तक मिटून तो आपल्या बोलीत कोणाला तरी सांगायचा, आणि शेवटी इंग्रजीत तीन-चार ओळींत स्वतः लिहायचा. माय चुलीपुढे भाकरी थापत असायची तेव्हा मी तिला दिव्याच्या वातीत तेल वर का चढतं ते सांगायचे. तिने ‘मग मोठ्या नळीत का नही चढत?’ असं विचारलं की मला कळायचं, त्रिज्येचा भाग मी सांगितलेलाच नाही. केपिलरी राइजच्या सूत्रात त्रिज्या खाली का येते हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते त्या प्रश्नामुळे. तीन ओळींचं इंग्रजी सुरुवातीला मोडकंतोडकं यायचं. गणपतीपर्यंत ते बरंच सरळ झालं. परीक्षेत तपासणारे तुमच्या इंग्रजीचं सौंदर्य पाहत नाहीत. योग्य संज्ञा, आकृती, सूत्र आणि एकक जागच्या जागी आहे का, एवढं पाहतात.

पुस्तक म्हणजे बोर्डाचं पुस्तक, बालभारतीचं. गाईड नंतर, क्लासच्या नोट्स त्याही नंतर. पुस्तक विकत घ्यायला उशीर होणार असेल तर ई-बालभारतीवर त्याची पीडीएफ मोफत मिळते. फिजिक्सला सोळा धडे आहेत, केमिस्ट्रीलाही सोळा, बायोलॉजीला पंधरा आणि मॅथ्सच्या दोन भागांत मिळून पंधरा. जूनमध्ये ही यादी भिंतीवर लावली की एक गोष्ट दिसते: दिवाळीच्या आत निम्म्याहून जास्त धडे एकदा हाताखालून गेले नाहीत तर नंतर त्यांना जागाच नाही. म्हणून जून, जुलै आणि ऑगस्ट हे महिने सोन्याचे. वेचणी सुरू झालेली नसते, पावसामुळे शेतात जाणंही अधूनमधून थांबतं, आणि कॉलेजात सगळे शिक्षक शिकवत असतात. बारावी ‘दिवाळीनंतर खरी सुरू होते’ असं सांगणारा कोणीतरी प्रत्येक गावात असतो. त्याचं ऐकू नका.

आता वेचणीचं. मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथलंच.

वेचणीत दोन्ही हात बोंडात असतात, वही धरता येत नाही. मी सकाळी निघताना एका चिठ्ठीवर पाच-सहा मथळे लिहून घ्यायचे: बँक्ड रोड, मेयर, सँडमेयर, विल्यमसन, अॅनाट्रोपस ओव्ह्यूल. फक्त मथळे, त्याखाली काही नाही. सरी धरली की पहिल्या मथळ्यापासून मनात सगळं उभं करायचं. रस्ता कलता आहे, गाडीचं वजन खाली, नॉर्मल रिअॅक्शन तिरपी, तिचे दोन घटक, घर्षण कुठल्या दिशेला, पहिलं समीकरण कुठलं, त्यातून वेगाचं सूत्र कसं निघतं. जिथं अडेल तिथं अडेल, पुस्तक घरी आहे. अडलेल्या जागेची खूण दुपारी भाकरी खाताना चिठ्ठीवर करायची आणि रात्री आधी तेच पान उघडायचं. पलीकडच्या सरीतून माय विचारायची, ‘काय पुटपुटी ऱ्हायनी व?’ तिला वाटायचं मी गाणं म्हणतेय.

पुस्तक समोर ठेवून वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की येतं असं वाटायला लागतं. शेतात तसं वाटायला जागा नसते. आठवतं किंवा आठवत नाही, आणि ते पहिल्याच सरीत कळतं. मी घरी बसून पाच तास वाचलं असतं तर मेयरच्या संबंधात दाब स्थिर धरून केलेलं काम कुठे मिळवायचं हे मला येत नाही, हे कदाचित परीक्षेतच कळलं असतं. म्हणून ज्यांच्या घरी शेती नाही त्यांनाही मी हेच सांगते: दिवसातला काही वेळ पुस्तकाशिवाय अभ्यास करा. चालताना, पाणी भरताना, एसटीत उभं असताना. आमच्या बसमध्ये बसायला जागा मिळायचीच नाही. मी आणि माझी मैत्रीण दांडी धरून एकमेकींना प्रश्न विचारायचो. हॉफमन ब्रोमामाइडमध्ये कार्बन किती कमी होतो? लँथेनॉइड कॉन्ट्रॅक्शनचा परिणाम काय? कंडक्टरकाका आमच्या परीक्षेच्या तारखा विचारायला लागले होते.

आठवणं ही पहिली पायरी, लिहिणं दुसरी. बोर्डाची परीक्षा हाताने द्यायची असते हे आमच्या पिढीच्या लवकर लक्षात येत नाही, कारण आमचा बराचसा अभ्यास मोबाईलवर बघण्यात जातो. व्हिडिओ बघून डेरिव्हेशन समजतं, लिहिता येत नाही. फिजिक्सचा पेपर ७० गुणांचा आणि तीन तासांचा. गुणामागे साधारण अडीच मिनिटं. म्हणजे दोन गुणांच्या उत्तराला पाच मिनिटं, तीन गुणांच्या उत्तराला सात-आठ, चार गुणांच्या उत्तराला दहा. यंगच्या प्रयोगातली फ्रिंज विड्थ आकृतीसकट सात मिनिटांत कागदावर येते का, हे घड्याळ लावूनच समजतं. मी रोज रात्री झोपण्याआधी एक डेरिव्हेशन आणि एक न्युमरिकल कोऱ्या पाठकोऱ्या कागदावर न बघता लिहायचे. पाठकोरे कागद गावातल्या झेरॉक्सवाल्या भाऊंकडून मिळायचे, फुकट. लाईट गेली तर चार्जिंगचा दिवा. जास्त काही नाही, पण रोज.

पेपरची रचना जूनमध्येच समजून घ्या. फिजिक्स आणि केमिस्ट्रीत पहिला विभाग सक्तीचा: एक-एक गुणाचे दहा बहुपर्यायी प्रश्न आणि आठ अतिलघु उत्तरं. पुढे दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ आणि चार गुणांचे पाचपैकी तीन. म्हणजे ७० गुणांसाठी पेपरात ९८ गुणांचे प्रश्न समोर असतात. ही सूट पाहून पुष्कळ जण सेमीकंडक्टर किंवा मॅग्नेटिक मटेरियल्स असे धडे ऑप्शनला टाकतात. माझं मत याच्या उलट आहे. हे छोटे धडे दोन बसण्यांत होतात आणि एक-एक गुणाचे प्रश्न त्यांच्यावरही येतात. टाकायचाच असेल तर एखाद्या लांबलचक डेरिव्हेशनचा हट्ट टाका, अख्खा धडा टाकू नका. शिवाय पुढे सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीची प्रवेश परीक्षा आहे, तिथं ऑप्शन नसतो.

पेपरावरच्या सूचनाही एकदा शांतपणे वाचून ठेवा. बहुपर्यायी प्रश्नात पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच तपासलं जातं आणि पर्यायाच्या अक्षरासोबत पूर्ण उत्तर लिहायचं असतं. प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू करायचा असतो. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. या शेवटच्या गोष्टीवर मी जोर देते. वर्षभर मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर न्युमरिकल सोडवणाऱ्याचा हात परीक्षेत लॉग टेबलपाशी थांबतो. केमिस्ट्रीत नर्न्स्टचं समीकरण, पीएच, रेट कॉन्स्टंट, सगळीकडे लॉग आहे. पहिल्या न्युमरिकलपासून टेबल वापरा. अँटिलॉगला कंटाळा येतो, येऊ द्या.

ऑरगॅनिकच्या रिअॅक्शनसाठी मी वेगळी वही केली होती. डाव्या पानावर नाव आणि सुरुवातीचा पदार्थ, उजव्या पानावर अभिकर्मक आणि उत्पादन. उजवं पान झाकायचं आणि लिहायचं. ज्यांना ऑरगॅनिक अवघड वाटतं त्यांना ते बहुतेक वेळा एकत्र वाचल्यामुळे अवघड वाटतं. हॅलोजन डेरिव्हेटिव्हज नीट झाला की अल्कोहोल सोपा जातो, अल्कोहोल झाला की आल्डिहाइड. हा क्रम मोडू नका. इनऑरगॅनिक मी शेवटी ठेवलं. ते मला शेवटपर्यंत रुक्षच वाटलं, पण गुण देतं.

मॅथ्सबद्दल फार लिहीत नाही. इंटिग्रेशन रोज करा. भाग एकमधलं लॉजिक आणि एलपीपी (लिनियर प्रोग्रामिंग) सोपं आहे, तिथला एकही गुण सोडू नका.

क्लासचा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. आमच्या गावातून कोणी लातूरला गेलं, कोणी कोटाला. त्यांचं बरं झालं, काहींचं खूप चांगलं झालं. आमच्या बाबांना ते झेपणारं नव्हतं आणि मलाही घर सोडायचं नव्हतं. मी अमळनेरलाच फिजिक्स-मॅथ्सचा एक क्लास लावला. दोन-दोन क्लास आणि वर ऑनलाइन टेस्ट सिरीज अशी मुलं मी पाहिली. त्यांच्याकडे ऐकण्याचे तास होते, लिहिण्याचे उरले नव्हते. एक क्लास पुरतो. न लावताही होतं, मात्र शंका विचारायला एक माणूस हवा. आमच्या कॉलेजातले केमिस्ट्रीचे सर रिकाम्या तासाला स्टाफरूममध्ये बसायचे. विचारायला जाणारे मोजकेच, म्हणून जो जाईल त्याला ते मन लावून सांगायचे. कॉलेज सोडू नका. हजेरी ७५ टक्के लागते हे एक, पण त्याहून मोठं कारण म्हणजे प्रॅक्टिकल.

सायन्सच्या तीन विषयांत प्रॅक्टिकलचे प्रत्येकी ३० गुण, मॅथ्सचे २०, दोन भाषांच्या तोंडी परीक्षेचे वगैरे प्रत्येकी २०. सहाशेतले १५० गुण लेखी परीक्षेच्या बाहेर असतात. जर्नल आठवड्याच्या आठवड्याला पूर्ण करून सही घ्या. जानेवारीत दुसऱ्याची जर्नल उतरवत बसलेली मुलं मी पाहिली आहेत, नेमकी पूर्वपरीक्षेच्या दिवसांत. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक तुम्ही काढलेल्या आलेखाबद्दलच विचारतात: हा उतार म्हणजे काय, हे वाचन दोनदा का घेतलं. प्रयोग स्वतःच्या हाताने केलेला असेल तर उत्तर देता येतं.

दिवाळीनंतर, वेचणीतून सवड मिळेल त्या रविवारी मी जुना पेपर घेऊन सकाळी अकरा ते दोन बसायचे. बोर्डाची वेळ तीच असते म्हणून. आता शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात, पण सराव तीन तासांचाच करा. माझ्या लहान भावाला कोणी आलं तरी हाक मारायची नाही असं बजावलेलं असायचं, आणि त्याने ते पाळलं. थंडीत ओसरीवर ऊन यायचं, तिथं पाट टाकून बसायचे. पेपर स्वतःच तपासायचा, लाल पेनने, आणि जिथं गुण गेले तो मथळा सोमवारच्या चिठ्ठीत.

आता अभ्यासाबाहेरची एक गोष्ट, जी मला अभ्यासाइतकीच महत्त्वाची वाटते: दाखले. राखीव प्रवर्गातल्या मुलांनी जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करावा, राहिला असेल तर बारावीच्या जूनमध्ये. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कॉलेजच्या पत्रासह जिल्ह्याच्या समितीकडे द्यायचा. आदिवासी मुलांसाठी समिती वेगळी असते. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्या आबांचं नाव जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये सापडलं, त्यासाठी बाबांनी शाळेत फेऱ्या मारल्या, आणि पावसाळ्यातच ते काम सुरू केलं म्हणून प्रवेशाच्या वेळी धावपळ झाली नाही. सोबत नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल आणि उत्पन्नाचा दाखला. बोर्डाचा फॉर्म भरताना स्वतःचं आणि आईचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मुलींना एक मोठा आधार आहे: २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. ‘पोरीला फार्मसी झेपणार नाही’ असं ज्या घरात म्हणतात त्या घरात हे वाक्य जाऊन सांगा.

लेखी परीक्षेचे दिवस लवकर सरले. सुरुवात इंग्रजीने झाली. पेपर झाल्यावर फाटकाबाहेर उत्तरं जुळवत थांबायचं नाही, बस पकडायची, एवढं मी आणि मैत्रिणीने ठरवलं होतं.

बोर्ड संपलं की सीईटी. पीसीएम गटात फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर प्रश्न ९० मिनिटांत, मग मॅथ्सचे पन्नास प्रश्न ९० मिनिटांत, मॅथ्सचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा. पीसीबीत मॅथ्सऐवजी बायोलॉजीचे शंभर प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीचे, २० टक्के अकरावीचे. अकरावीची पुस्तकं कोणाला देऊन टाकू नका. इंजिनिअरिंग-फार्मसीला बोर्डाचे गुण पात्रतेपुरते पाहतात, प्रवेशाचा क्रम सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागतो. तरीही मी डिसेंबरपर्यंत जोर लिहिण्यावरच ठेवला आणि प्रत्येक धडा झाला की त्याच धड्याचे बहुपर्यायी प्रश्न सोडवले. ज्याला डेरिव्हेशन येतं त्याला पर्याय ओळखता येतो.

एप्रिलात आमच्याकडे पारा ४३-४४ वर असतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी बसणं शक्यच नसतं. पहाटे चार ते नऊ धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर अभ्यास, दुपारी तालुक्याच्या अभ्यासिकेत किंवा चक्क झोप, संध्याकाळी एक सराव परीक्षा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या बहिणी झोके घेत होत्या, मीही संध्याकाळी तासभर गेले. त्या तासाचा मला कधी पश्चात्ताप वाटला नाही. उन्हात सेंटरवर जाताना आधीच्या दिवशी मुक्कामाला जाता आलं तर जा. माझं केंद्र जळगावला होतं, मी मावशीकडे राहिले.

निकालाबद्दल माझ्या त्याच मैत्रिणीचं सांगते, तिची परवानगी घेऊन. एसटीत माझ्यासोबत दांडी धरून उभी राहणारी ती. परीक्षेच्या आठवड्यात तिच्या घरी आजारपण निघालं आणि फिजिक्स राहिलं. निकालाच्या दिवशी तिच्या घरचे लग्नाचं बोलायला लागले. आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी तिच्या वडिलांना फोन करून पुरवणी परीक्षेची माहिती दिली. निकालानंतर थोड्याच आठवड्यांत ती होते, फॉर्म कॉलेजातूनच भरायचा. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकन हवं असेल तर ती आधी घ्यावीच लागते, आणि या सगळ्याची मुदत थोड्या दिवसांची असते. तिने छायाप्रत मागवली, सरांसोबत पानोपान पाहिली, न्युमरिकलमध्ये एकक न लिहिल्यामुळे गुण कुठे कुठे गेले ते पेन्सिलने मांडलं. पुरवणीच्या तयारीला आम्ही पुन्हा मथळ्यांच्या चिठ्ठ्या काढल्या, या वेळी निंदणीच्या वावरात. ती पास झाली. यंदा ती जळगावला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स.